सुट्टीच्या दिवशी ऑटोपायलट बंद

बड्या गणपतीच्या देवळाजवळ राहणारा एक वैमानिक ओळखीचा आहे. नोकरी एअरबसवर. ड्यूटी संपवून इंदूरला घरी आला की आधी झोप काढतो, मग संध्याकाळी संगणकासमोर बसतो. टेबलाच्या कडेला पक्कं कसलेलं योक, म्हणजे विमानाचं हँडल, उजव्या हाताशी थ्रॉटल, पायाशी रडरची पेडल्स. पडद्यावर इंदूरचाच विमानतळ. आई दारात येऊन विचारते, ‘अरे, काल तर विमानातून उतरलास. आज परत विमानच?’

घरी सिम्युलेटर बाळगणाऱ्या बहुतेक वैमानिकांनी हा प्रश्न ऐकलेला असतो. विचारणाऱ्याच्या स्वरात थोडं कौतुक असतं आणि बरीचशी कीव. कोणी त्याला कामाचं व्यसन म्हणतं, कोणी पोरकटपणा. दोन्ही निदानं चुकतात, कारण विचारणारा पडद्याकडे बघतच नाही. बघितलं तर एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. कामावर हा माणूस पाऊणशे टन वजनाचं, दोन जेट इंजिनांचं, १८० प्रवाशांचं विमान नेतो. घरी तो सेस्ना १७२ घेतो. चार आसनं, एक इंजिन, पुढे पंखा. त्या सेस्नातही ऑटोपायलटचं बटण आहे. त्याला तो हात लावत नाही.

सगळी मेख या न दाबलेल्या बटणात आहे. महागडी उपकरणं, मोठाले पडदे, ढगांची सुंदर चित्रं हे सारं दुय्यम. ज्याला दिवसाला तीन-चार उड्डाणं करावी लागतात तो माणूस सुट्टीच्या संध्याकाळी घरी बसून हाताने विमान चालवतो. कारण कामावर ते त्याला फारसं चालवायला मिळत नाही.

हे बोलणं कोणाला अतिरंजित वाटेल. मग एका फेरीचा हिशेब मांडून बघा. मुंबई ते इंदूर, साधारण सव्वा तास. चाकं जमिनीवरून उचलली की काहीशे फुटांवर, फार तर हजार-दोन हजार फुटांवर ऑटोपायलट लावला जातो. उतरताना धावपट्टी समोर आली, विमान हजार-पाचशे फुटांवर आलं, की तो सोडतात. मधला सगळा वेळ विमान संगणकाच्या ताब्यात. वैमानिक त्याला उंची सांगतो, दिशा सांगतो, वेग सांगतो आणि तो ऐकतोय ना, हे पाहत राहतो. एअरबसमध्ये तर इंजिनांचा जोर आपोआप कमी-जास्त होत असताना थ्रॉटलचे दांडे जागचे हलतसुद्धा नाहीत. हाताने उडवणं म्हणतात ते एका फेरीत चार-पाच मिनिटांत आटोपतं. त्यातही निम्म्या फेऱ्या शेजारच्या आसनावरचा सहकारी उडवतो. त्या वेळी याच्या वाट्याला रेडिओ आणि याद्या.

पाहत राहणं हे काम नाही, असं मुळीच नाही. हवामान, इंधन, आजूबाजूची विमानं, कंट्रोल टॉवरच्या सूचना, एवढं सगळं डोक्यात धरून बसायला अनुभव लागतो. ऑटोपायलटमुळे विमानप्रवास सुरक्षित झाला, यातही वाद नाही. पण हात, पाय आणि नजर यांचा जो मेळ बसतो तो नुसतं पाहून टिकत नाही. तो वापरातूनच टिकतो.

आणि मनात आलं तरी वापरायची सोय कितीशी आहे? २९ हजार फुटांच्या वर विमानं एकमेकांपासून हजार फुटांच्या अंतराने वर-खाली धावतात. तिथे उंची राखण्याचं काम यंत्रणेकडे सोपवावं लागतं, तसा नियमच आहे. उरतो चढतानाचा आणि उतरतानाचा भाग. तिथेही बहुतेक कंपन्यांचा कल यंत्रणा जास्तीत जास्त वापरण्याकडे. शिवाय उड्डाणाची बारीकसारीक नोंद विमानातच होत असते आणि ती नंतर जमिनीवर तपासली जाते. वेग थोडा वाढला, नाक थोडं जास्त उचललं गेलं, चाकं जोरात टेकली, की विचारणा होते. ही तपासणी हवीच. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण तिच्या धाकाने वैमानिक हात बाजूला ठेवायला शिकतो, हेही मान्य करायला हवं. हाताने चालवलं आणि जरा चुकलं तर खुलासा द्यावा लागतो. महिनोन्‌महिने चालवलंच नाही, तर कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, कंपनीचा सिम्युलेटर आहे की. आहे. कोट्यवधींचा आहे, सहा पायांवर हलतो, आतलं कॉकपिट हुबेहूब. दर सहा महिन्यांनी त्यात बसावंच लागतं. पण ती परीक्षा असते. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन जातं. मग आग लागते. मग हायड्रॉलिक दगा देतं. मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो आणि लायसन्स पुढे चालू राहणं त्याच्या सहीवर असतं. तिथे दोन निवांत चकरा मारून बघायला कोणी वेळ देत नाही. त्या चाचणीच्या आधीच्या आठवड्यात वैमानिकाच्या घरातली माणसंसुद्धा हळू बोलतात. असा माणूस फावल्या वेळात घरी पुन्हा सिम्युलेटरच लावतो. मग तो तिथे नक्की काय शोधतो, हे कंपन्यांनी त्याला एकदा विचारायला हवं होतं.

हात विसरले की काय होतं, याची किंमत जगाने मोजलेली आहे. १ जून २००९. एअर फ्रान्सचं रिओ ते पॅरिस उड्डाण ४४७, एअरबस ए३३०. अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले आणि ऑटोपायलट सुटला. विमान धडधाकट होतं. हाताने सरळ धरून ठेवलं असतं तर काही वेळाने आकडे परत आले असते, आलेही. पण नाक वर ओढलं गेलं, पंखांवरची हवा तुटली, आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं समुद्रात गेली. फ्रेंच तपास यंत्रणेचा अंतिम अहवाल २०१२ साली आला. उंचावर हाताने विमान सांभाळण्याचं प्रशिक्षण त्या वैमानिकांना मिळालेलं नव्हतं, असं त्यात नमूद आहे. नेमक्या ज्या उंचीवर हाताने चालवायला मनाई, तिथेच यंत्राने विमान त्यांच्या हाती सोपवलं.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना एक सूचनापत्र धाडलं. मजकूर थोडक्यात असा, की यंत्रणेच्या सततच्या वापराने वैमानिकांचं हाताचं कौशल्य कमी होतंय, तेव्हा परिस्थिती योग्य असेल तिथे त्यांना हाताने विमान चालवायला उत्तेजन द्या. सहाच महिन्यांनी, ६ जुलै २०१३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना कंपनीचं बोइंग ७७७ धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्रभिंतीवर आदळलं. लख्ख ऊन होतं. वारा किरकोळ. उतरायचा कोन रेडिओ लहरींनी दाखवणारी विमानतळावरची यंत्रणा बांधकामामुळे बंद होती, म्हणून नजरेने उतरायचं होतं. सेस्नावर शिकणारी मुलं रोज करतात तेच. विमान खूप हळू झालं आहे, हे वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही. तिघे गेले. यंत्रावर जादा भिस्त, हे कारण तिथल्या तपासातही आलं.

हे डोळ्यांपुढे ठेवून बड्या गणपतीजवळच्या त्या खोलीत परत डोकवा. मे महिना, पारा ४२ वर. सिम्युलेटर बाहेरचं खरं हवामान उचलतो, त्यामुळे पडद्यावरही तोच उन्हाळा. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,८५० फुटांवर. एवढ्या उष्म्यात तिथली हवा विमानाच्या दृष्टीने साडेपाच हजार फुटांवर असते तितकी विरळ होते. सेस्ना धावते, धावत राहते, उचलत नाही. पंख्याच्या जोरामुळे नाक डावीकडे ओढतं, म्हणून उजवा पाय दाबून धरावा लागतो. चाकं सुटतात. घाईने नाक उचललं तर वेग पडेल, म्हणून तो ते खालीच धरतो. योकवरचा दाब हलका करणारं ट्रिमचं चाक बोटांनी थोडं, अजून थोडं फिरवतो. दोन डाव्या वळणांनंतर विमानतळाजवळची बिजासनची टेकडी मागे पडते. धावपट्टी डाव्या खिडकीत ठेवून तो उलट्या दिशेने शहराकडे येतो आणि त्याच्याच घराच्या आसपास पुन्हा डावीकडे वळतो. खाली देऊळ ओळखू येत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रावरून यंत्राने सरसकट उभी केलेली घरं तेवढी दिसतात. त्याचं तिकडे लक्ष नसतं. धावपट्टी चपटी दिसते की लांबुळकी, यावरून आपण खाली आहोत की वर, ते तो नजरेने जोखत असतो. जरा खाली आहे. थ्रॉटल बोटभर पुढे. एवढंच करायचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोत एवढंच राहून गेलं.

इंदूर गाण्याचं गाव आहे. गवई मैफल उरकून घरी आला आणि पुन्हा तानपुरा लावून बसला, तर त्याला इथे कोणी ‘परत गाणंच?’ असं विचारणार नाही. रियाजाला आपल्याकडे मान आहे. वैमानिकाची गोष्ट मात्र जास्त काळजीची आहे. गवई मैफलीत जे गायचं त्याचाच रियाज करतो. वैमानिक ज्याचा रियाज करतो ते त्याला मैफलीत करूच दिलं जात नाही.

टेबलावरच्या सिम्युलेटरला मर्यादा आहेत आणि त्या वैमानिकालाच सर्वांत जास्त ठाऊक असतात. खुर्ची हलत नाही. विमान घसरू लागलं की खऱ्या आसनात ते कमरेला आधी कळतं, इथे फक्त डोळ्यांना कळतं. धावपट्टीवर टेकण्याआधीचा तो शेवटचा तरंगता क्षण पडद्यावर नीट उमटत नाही. म्हणून वर्षानुवर्षं विमानं उतरवलेली माणसं घरच्या सिम्युलेटरवर पहिल्या-पहिल्यांदा वाईट उतरतात. भीती नाही, थकवा नाही आणि हवं तेव्हा थांबवायचं बटण आहे. घरी सिम्युलेटर खेळून थेट फ्लाइंग क्लबात आलेल्या मुलांबद्दल प्रशिक्षकांची तक्रार असते, की पोरं बाहेर क्षितिजाकडे बघत नाहीत, काट्यांकडेच बघत बसतात. तक्रार खरी आहे. पण ती शिकाऊंची. ज्याच्या कमरेला खरं विमान आधीच ठाऊक आहे त्याला पडद्यावर काय खरं आणि काय खोटं, हे निवडता येतं. म्हणून त्याचं घरी बसून चालवणं आणि शाळकरी मुलाचं चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पडदा एकच असला तरी.

‘खेळणं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या यंत्राचा जन्म आठवावा. एडविन लिंक हा अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा. हवेच्या भात्यांवर हलणारं, जमिनीवरच राहणारं एक बुटकं विमान त्याने १९२९ साली वडिलांच्या कारखान्यात तयार केलं. शिकवायचं यंत्र म्हणून त्याकडे फारसं कोणी वळलं नाही. ते गेलं करमणुकीच्या बागांत, नाणं टाकून बसायचा झोपाळा म्हणून. १९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकी लष्कराकडे टपाल नेण्याचं काम आलं. ढगात आणि अंधारात फक्त काट्यांवर विमान चालवायची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक मेले. तेव्हा लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. तोवर पाच वर्षं उत्तर बागेत उभं होतं आणि मुलं त्यावर बसत होती. पुढे घरगुती संगणकावर हे यंत्र आलं तेही उडणाऱ्यांच्याच हातून. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला फ्लाइट सिम्युलेटर ब्रूस आर्टविकने बनवला, तो स्वतः विमान चालवायचा. एक्स-प्लेन हा दुसरा नावाजलेला सिम्युलेटर ऑस्टिन मेयरने लिहायला घेतला, तो स्वतःची काट्यांवर उडण्याची सवय मोडू नये म्हणून.

आपल्याकडचं एक उदाहरण मराठी माणसांना ठाऊक आहे. कॅप्टन अमोल यादव विमान कंपनीत वैमानिक होते आणि कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधत होते. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोकरीत रोज विमान आणि घरीही विमानच. त्यांच्या कामाचं मोल टेबलावरच्या सिम्युलेटरपेक्षा कितीतरी मोठं, पण ओढ त्याच जातीची. विमानाच्या जवळ जायचं असेल तर नोकरीच्या बाहेर जावं लागतं, असं या माणसांना वाटतं आहे.

पूर्वी असं बाहेर जावं लागत नव्हतं. इंदूरचा विमानतळ होळकरांच्या राज्यातला. टाटांचे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी १९३५ साली बिजासनची जागा निवडली. २६ जुलै १९४८ रोजी इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईला हवाई सेवा सुरू झाली. त्या पिढीतल्या वैमानिकांना घरी येऊन हातांची भूक भागवावी लागत नव्हती. दिवसभर हातच राबायचे, दमायचेही. ते दिवस परत आणा, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. त्या काळी अपघातही फार व्हायचे.

घरच्या सिम्युलेटरवरच्या तासांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय लॉगबुकात जागा देत नाही. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं. त्यातले उपकरणांवरच्या उड्डाणाचे जे १० तास असतात, त्यांपैकी फार तर ५ सिम्युलेटरवर चालतात आणि तोही मान्यताप्राप्त असावा लागतो. हा नियम योग्य आहे. टेबलाला कसलेलं योक म्हणजे विमान नव्हे, आणि त्या तासांना मान्यता मिळावी अशी मागणी तो वैमानिकही करत नाही. त्याला प्रमाणपत्र नको आहे.

त्याला जे हवं आहे ते कंपनी देऊ शकते, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. कामाच्या पुस्तिकेत चार ओळी लागतात. हवा स्वच्छ, आकाश मोकळं, दोघेही ताजेतवाने आणि यंत्रणा सगळ्या ठीक, असं असेल तर दहा हजार फुटांखाली वैमानिकाने ऑटोपायलट सोडून विमान हाताने न्यावं. आधी सहकाऱ्याला सांगावं, गर्दीच्या वेळी करू नये. अशा उड्डाणात वेग पाच-दहा नॉटने इकडे-तिकडे झाला तर तो गुन्हा धरू नये. आणि उड्डाणाच्या नोंदी तपासणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. वेग कोणी ओलांडला हे तर बघावंच, पण गेल्या तीन महिन्यांत हाताने विमान कोणी चालवलंच नाही, तेही बघावं. माहिती त्यांच्याकडे आजही आहे. विमान ती प्रत्येक फेरीला नोंदवतं. ती त्या नजरेने सहसा कोणी काढत नाही, एवढंच. दिवाळीनंतर इंदुरात स्वच्छ सकाळी पुष्कळ असतात, तेव्हापासून सुरुवात करायला हरकत नाही.